अर्धं पाणी बदललं आणि नऊ मासे गेले: देवपुरातल्या एका टाकीचं प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका घरी तीन फुटी टाकीतल्या चौदा माशांपैकी नऊ मासे एका रात्रीत मेले. आदल्या संध्याकाळी निम्मं पाणी बदललं होतं. पाणी नितळ, फिल्टर चालू, हवेचा पंप चालू. एकाही माशाच्या अंगावर डाग नव्हता की पर कुरतडलेला नव्हता. घरचे, दुकानदार आणि व्हॉट्सॲपवरचे जाणकार या सगळ्यांनी एकमताने निदान केलं: बोअरिंगचं खारं पाणी. निदान अर्धवट होतं. त्यावरून जो उपाय ठरत होता, म्हणजे पुन्हा शंभर टक्के आरओचं पाणी, त्याने पुढच्या उन्हाळ्यात हाच प्रकार परत झाला असता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

टाकीच्या मालकाला मी भाऊ म्हणतो. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे मी त्यांचा ‘सर’. सकाळी सव्वापाचला त्यांचा फोन आला, घाबरून ते थेट अहिराणीतच बोलत होते: “सर, मासा मरी राह्यनात. पानी ते कालदिनच बदलं!”

मासे कोणते होते

हे मासे गप्पी-मॉलीसारखे कुठेही मिळणारे नव्हते. स्यूडोम्युगिल या प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) फर्काटस, हौशी लोकांच्या भाषेत फोर्कटेल ब्लू-आय. सिल्व्हरसाइड माशांच्या गणातली ही छोट्या माशांची प्रजाती आहे. क्नर या शास्त्रज्ञाने १८६६ साली तिचं नाव ठेवलं. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आसपासची बेटं हा तिचा मुलूख. बहुतेक जाती बोटाच्या दोन पेरांएवढ्या. बुबुळाभोवती निळं कडं, आणि पाठीवर एकाऐवजी दोन वेगळे पर. सिल्व्हरसाइड गणाची ही जुनी खूण. तापी-पांझरेच्या जाळ्यात येणारे बारीक चंदेरी मासे दिसायला यांच्या जवळचे वाटतात, पण ते कार्पच्या गोतातले. नातं काही नाही.

एकाच प्रजातीत पाण्याच्या आवडी किती वेगळ्या असाव्यात, हे या प्रकरणात महत्त्वाचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा सिग्निफर गोड्या पाण्यापासून खाडीपर्यंत, अगदी समुद्राच्या खारेपणातही राहतो. सायनोडॉर्सालिस तर खारफुटीच्या चिखलातलाच. उलट वेबरने १९११ साली नोंदवलेला ठिपकेदार गर्ट्रूडी आणि २०१६ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला लालभडक ल्युमिनाटस यांना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. भाऊंकडचा फर्काटस पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडचा. निकल्सने १९५५ साली त्याचं वर्णन केलं. जंगलातल्या स्वच्छ, झाडोरा असलेल्या ओढ्यांत तो राहतो आणि पाणी तटस्थ ते थोडं अल्कधर्मी असलं की खूश असतो. तापमान चोवीस ते अठ्ठावीस अंश. म्हणजे धुळ्याच्या बोअरिंगचं पाणी थोडं हलकं करून दिलं, तर त्याची तक्रार नसते. त्याला त्रास होतो तो आपल्या वैशाखाचा.

दुकानात मात्र ‘ब्लू-आय’ या एकाच नावाखाली सगळे विकले जातात, आणि सल्लाही सगळ्यांना एकच: “नाजूक मासा आहे, आरओ वापरा.”

टाकीचा पूर्वेतिहास

नोव्हेंबरमध्ये मुंबईहून कुरियरने मासे आले. पाच नर, नऊ माद्या. टाकीत प्रत्यक्ष पाणी ११० लिटरच्या आसपास. दोन स्पंज फिल्टर, तळाला बारीक काळी खडी, एक मोठं लाकूड, जावा मॉसचा गुच्छ, बदामाची दोन-चार वाळकी पानं. मांडणी चांगली होती, माझ्या टाकीपेक्षा देखणी.

घरच्या बोअरिंगचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ९२० च्या घरात. हा आकडा भाऊंना तोंडपाठ होता. आपल्याकडे घरोघरी आरओ बसला तसा टीडीएस मोजायचा पेनही घरोघरी पोचला, आणि पाण्याची सगळी लायकी त्या एका आकड्यावर ठरू लागली. त्या पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा, मी नंतर मोजला तेव्हा चौदा अंश निघाला. आपल्या बेसॉल्टच्या खडकातून झिरपलेलं पाणी असंच असतं: कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि भरपूर बायकार्बोनेट.

भाऊंनी पहिल्या दिवसापासून निव्वळ आरओचं पाणी वापरलं. टीडीएस ४०, केएच जेमतेम एक. फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत होते, तोवर सगळं ठीक चाललं. मार्चमध्ये बोअरिंगची धार बारीक झाली. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि उन्हाळ्यात नळाची वाट पाहणं काय असतं हे धुळेकरांना वेगळं सांगायला नको. घरात बोलणी बसू लागली. मग पाणी बदलणं थांबलं आणि उडून गेलेल्या पाण्याची तेवढी आरओने भर घालणं सुरू राहिलं. टीडीएसचा पेन रोज बुडवला जात होता. ४० वरून आकडा हळूहळू १३० वर गेला होता. बोअरिंगच्या ९२० पुढे १३० म्हणजे अमृतच, असा त्यावर निष्कर्ष.

संध्याकाळ ते पहाट

त्या शनिवारी भाऊंच्या मेव्हण्याने टाकी पाहिली आणि पाणी पिवळट झालंय, बदला म्हणून टोकलं. पिवळटपणा लाकडाचा आणि बदामाच्या पानांचा होता, त्यात वाईट काही नव्हतं. पण दोन महिने पाणी बदललं नाही ही बोच होतीच. आरओचा फिल्टर चोंदलेला. मग निम्मं पाणी काढून थेट बोअरिंगचं भरलं. टाकीचं तापमान ३२ अंश.

भरल्यावर पीएचची पट्टी बुडवली. ७.२. चार्टवर हिरवागार, ‘उत्तम’. मासेही पहिले दोनेक तास मजेत होते, नर पर फुलवून एकमेकांना दाखवत होते. रात्री दहाच्या सुमारास त्यांचा पिवळा रंग उतरला. झोपायच्या आधी भाऊंनी काळजी म्हणून हवेचा पंप पूर्ण सोडला. पहाटे पाचला वहिनी मोटर लावायला उठल्या तेव्हा सहा मासे तळाशी होते, बाकीचे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते, मधूनच एखादा बाणासारखा सुटून काचेवर आदळत होता. मी पोचेपर्यंत आणखी तीन गेले.

पुरावा बादलीत होता

आधी जिवंत माशांचं पाहिलं. घरून येताना माझ्या टाकीचं वीस लिटर पाणी कॅनमध्ये आणलं होतं. आरओ आणि बोअरिंग निम्मं-निम्मं, रात्रभर हवा दिलेलं. पाचही मासे त्या पाण्याच्या टबात हलवले, वर ओला पंचा टाकला. हे मासे उडी मारण्यात पटाईत असतात. अशा वेळी टाकीत औषध ओतायला हात शिवशिवतात. औषध कशावर, हे ठाऊक नसताना ओतलेलं औषध हा आणखी एक विषप्रयोग असतो.

मग मोजमाप. टाकीतला पीएच आता ८.१. एकूण अमोनिया चार मिलिग्रॅम प्रतिलिटर. चांगल्या चालत्या टाकीत हा आकडा शून्य असायला हवा. काल निम्मं पाणी बदललेलं असताना चार? म्हणजे जुन्या पाण्यात किती असेल?

हा प्रश्न हवेतच राहिला असता, पण वहिनींनी काढलेलं पाणी फेकलं नव्हतं. कुंड्यांना घालायला दोन बादल्या मोरीत भरून ठेवल्या होत्या. त्या पाण्याचा पीएच निघाला ५.८. केएच शून्य: चाचणीचा पहिलाच थेंब टाकला आणि रंग पालटला. अमोनिया, पाणी पातळ करून मोजला तेव्हा, आठ.

म्हणजे मासे आठ मिलिग्रॅमपर्यंत चढत गेलेल्या अमोनियात आठवडेच्या आठवडे जगले, आणि तो निम्म्यावर आणल्यावर एका रात्रीत मेले. सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे.

बादलीबरोबर दुसरी साक्ष टाकीच्या काचेवर चिकटलेली होती: गोगलगायी. जिवंत होत्या, पण जवळून पाहिल्यावर प्रत्येकीच्या शंखाचा मधला, जुना भाग पांढरा पडून खरवडल्यासारखा झाला होता, काहींना तिथे टाचणीएवढी भोकं पडली होती. शंख चुन्याचा. पाण्यात कार्बोनेट उरलं नाही की असलं पाणी शंखातलं ओढून घेतं. इतकी झीज चार दिवसांत होत नाही, तिला महिने लागतात. पेनवर जे दिसत नव्हतं ते गोगलगायींच्या पाठीवर कधीपासून लिहिलेलं होतं.

नेमकं काय घडलं

माशांच्या लघवी-विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते मारायला पाण्यातलं कार्बोनेट खर्ची पडतं: अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. भाऊ रोज साधारण पाव ते तीन दशांश ग्रॅम खाणं टाकायचे. त्या हिशोबाने ११० लिटरमध्ये केएचचा एक अंश अडीच-तीन आठवड्यांत संपतो. पाणी बदललं जात होतं तोवर दर आठवड्याला थोडी भर पडत होती. मार्चमध्ये ती थांबली, आणि भांडवल होतंच एका अंशाचं. बोअरिंगच्या चौदा अंशांवर हीच टाकी महिनोन्‌महिने टिकली असती.

केएच संपल्यावर पीएच घसरला. सहाच्या आसपास आला की हे जीवाणू जवळपास कामच थांबवतात. अमोनिया साचायला लागला, रोज थोडा थोडा, दोन महिन्यांत आठपर्यंत.

तरीही मासे जगले, कारण अमोनियाची दोन रूपं असतात. आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियम म्हणून असतो आणि त्या रूपात माशाला फारसा बाधत नाही. पीएच चढला की त्यातला वाढता हिस्सा मुक्त अमोनिया होतो. तो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो. ३२ अंश तापमानाला ५.८ पीएचवर मुक्त हिस्सा दहा हजारांत सहा. ८.१ वर शंभरात दहा. म्हणजे जुन्या पाण्यात आठपैकी मुक्त अमोनिया ०.००५ मिलिग्रॅम, आणि पाणी बदलल्यावर चारपैकी ०.४. एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विष ऐंशी पटीने वाढलं. उन्हाने त्यात भर घातली. हेच पाणी पंचवीस अंशांवर असतं तर मुक्त हिस्सा शंभरात सहा-सातच राहिला असता.

भाऊंच्या वडिलांची शिंदखेड्याकडे शेती आहे. हे सगळं समजावताना आकड्यांपेक्षा एक उदाहरण कामी आलं. काळ्या, चुनखडीच्या रानात उन्हाच्या वेळी युरिया वरच्यावर फेकला की थोड्या वेळात नाकाला झोंबतो, खत हवेत जातं. तिथेही अल्कधर्मी जमीन आणि उष्णता मिळून अमोनिया मोकळा करतात. भाऊ म्हणाले, “म्हंजे मी टाकीत युरिया साठाडेल व्हता, आनि वरथीन चुनखडीनं पानी वतं.” याहून नेटकं मला सांगता आलं नसतं.

मग संध्याकाळची ती ७.२ ची पट्टी? ती खोटी नव्हती. जमिनीतून नुकत्याच काढलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या बोअरिंगच्या पाण्याचा पीएच कमी दिसतो. हवा लागली की वायू उडून जातो आणि पीएच खऱ्या जागी चढतो. काळजीपोटी पूर्ण सोडलेल्या पंपाने तेच काम रात्रभर केलं. मासे दहानंतर का बिघडले आणि पहाटे का मेले, याचं उत्तर त्यात आहे. अर्थात ३२ अंशांच्या पाण्यात पंप बंद ठेवणं हाही काही पर्याय नव्हता.

बाकीचे संशयित

फवारा मारलेल्या कीटकनाशकाची शक्यता गोगलगायी आणि मॉसमधल्या पाणपिसवा जिवंत असल्यामुळे मी बाजूला ठेवली. असल्या औषधाने पाणपिसवा माशांच्या कितीतरी आधी मरतात. बोअरिंगमध्ये क्लोरीन नसतं. प्राणवायू: ३२ अंशांना पाण्यात तो जास्तीत जास्त सव्वासात मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो, हिवाळ्यातल्या नऊच्या तुलनेत कमी, पण दोन स्पंज फिल्टर आणि पंप चालू असताना चौदा बारीक माशांना तो पुरतो. मुक्त अमोनियाने कल्ले भाजलेले असले तर मात्र पाण्यात असलेला प्राणवायूही घेता येत नाही, म्हणून धाप लागते.

आणि कठीणपणाचा धक्का? १३० वरून एकदम पाचशेच्या वर टीडीएस जाणं कोणत्याही माशाला ताण देतं. त्याचा वाटा होताच. पण तेवढ्याने फर्काटस असे तडफडून, कल्ले लाल होऊन मरत नाहीत. माझ्या कॅनमधलं पाणीही टीडीएसला पाचशेच्या आसपासच होतं. त्यात हलवलेले पाच मासे दुपारपर्यंत सरळ पोहू लागले. एक मादी तिसऱ्या दिवशी गेली. दोन नर आणि दोन माद्या वाचल्या.

पुढची व्यवस्था

टाकीतलं पाणी पूर्ण काढलं, खडी धुतली, स्पंज मात्र धुतले नाहीत. माझ्या टाकीतला एक चालता स्पंज फिल्टर तिथे दिला, कारण भाऊंच्या स्पंजमधले जीवाणू उपाशीपोटी नव्हे तर आम्लात झोपलेले होते आणि ते कधी उठतील याचा भरवसा नव्हता. नवं पाणी: एक भाग आरओ, एक भाग बोअरिंग. केएच सात. निव्वळ बोअरिंग का नाही, असं भाऊंनी विचारलं. पीएच आणि कठीणपणा फर्काटसला चालला असता, पण त्यांच्या बोअरिंगमध्ये नायट्रेट ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे. आजूबाजूला शेतं असलेल्या वस्तीत हे नवल नाही. निम्मं आरओ घातल्याने तेही निम्म्यावर येतं, आणि पाणीही निम्मंच वाया जातं, जे वहिनींना पहिल्यांदा पटलं.

हे पाणी झाकणाच्या पिंपात एक दिवस हवा देऊन ठेवायचं आणि मगच टाकीत. दर आठवड्याला पंधरा-वीस लिटर, त्याहून जास्त नाही. उडालेल्या पाण्याची भर मात्र आरओनेच, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. बदलण्याचं पाणी आणि भर घालण्याचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाऊंनी पिंपावर आणि कॅनवर वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावून पक्कं केलं. टीडीएसचा पेन कपाटात गेला आणि थेंबांची केएचची बाटली आली. दुपारी टाकीवर छोटा टेबलफॅन, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा. धुळ्याच्या कोरड्या हवेत एवढ्याने तापमान तीन अंशांनी उतरतं. बर्फाच्या बाटल्या मी टाळायला सांगितल्या, त्याने पाणी खालीवर फार होतं.

कोणाची टाकी आधीच अशा अवस्थेला पोचली असेल, म्हणजे पीएच सहाच्या खाली आणि अमोनिया भरपूर, तर एका दमात पाणी बदलू नका. खाणं बंद करा, दर दिवशी थोडंसं पाणी, तेही टाकीच्याच पीएचच्या जवळचं, म्हणजे जवळजवळ आरओच, घालून आधी अमोनिया खाली आणा. केएच त्यानंतर वाढवायचा.

पावसाळ्यात

जूनमध्ये तापमान २७ वर आलं आणि वाचलेल्या चार माशांतल्या माद्यांनी अंडी घालायला सुरुवात केली. या प्रजातीत मादी एकदम ढीग घालत नाही, रोज थोडी थोडी अंडी घालत राहते. दीड-दोन मिलिमीटरची, पारदर्शक, प्रत्येकाला चिकट धागे. वहिनींनी हिरव्या लोकरीचा गोंडा करून बुचाला बांधून तरंगत ठेवला. अंडी त्यातच सापडायची. मासे स्वतःचीच अंडी खातात, म्हणून गोंडा दर दोन दिवसांनी वेगळ्या डब्यात. पंधरा-सोळा दिवसांनी पिल्लं बाहेर आली, डोळे तेवढे दिसावेत अशी, आणि लगेच पृष्ठभागाशी पोहू लागली. तोंड इतकं लहान की आधी हिरव्या पाण्यातले सूक्ष्मजीव, मग व्हिनेगरमधले बारीक कृमी, आठवड्याभराने आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लं.

भाऊंनी मध्येच विचारलं होतं की पिल्लं जास्त झाली तर गच्चीवरच्या हौदात सोडू का, हिवताप विभागवाले गप्पी सोडतात तशी. नको म्हटलं. ऑस्ट्रेलियात १९२५ साली डासांच्या बंदोबस्तासाठी म्हणून गॅम्बुसिया हा बाहेरचा मासा आणून सोडला, आणि आज याच प्रजातीतला क्वीन्सलँडचा मेलिस धोक्यात आहे त्याच्या कारणांत गॅम्बुसियाचंही नाव आहे. हौद भरून वाहिला की गटार, गटारातून नाला, नाल्यातून पांझरा.

वाचलेल्या दोन माद्यांपैकी एक दिवाळीच्या आत गेली. आजाराची खूण नव्हती. हे मासे वर्ष-दोन वर्षंच जगतात आणि विकत घेतले तेव्हाच ते मोठे होते. टाकीत आता वीसेक मासे आहेत, सगळे घरचे. केएचची वही वहिनी लिहितात. मागच्या महिन्यात अमळनेरच्या एकाने अंडी मागितली. ओल्या मॉसमध्ये गुंडाळून डबीत पाठवता येतात. भाऊंनी पाठवण्याआधी त्याला पाण्याबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, “टीडीएस एकदम मस्त आहे, ३५.” डबी अजून गेलेली नाही, आधी केएचची बाटली घे, असा निरोप गेला आहे.